झाकणं बसेपर्यंत

माझी बरणी कधी फसली नव्हती. ही बढाई नाही. बढाईच मारायची तर माझ्याकडे माझे दात आहेत, या वयातही सगळे स्वतःचे. पण काकडीचं रेलिश करून बरण्यांत बंद करायचं काम मी लग्न झाल्यापासून करत आले, आणि माझ्या हातची बरणी थंड होताना मुकी राहिली असं कधी घडलं नव्हतं. या वर्षी घडलं. एकदा नाही, दर खेपेला घडलं.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना सांगते. परसातली काकडी, कांदा आणि ढोबळी मिरची बारीक चिरायची. मीठ लावून ठेवायची. पाणी सुटलं की फडक्यात बांधून पिळायची, पिळताना जिच्यावर राग असेल ती व्यक्ती आठवायची. मग व्हिनेगर, साखर, मोहरी आणि हळद घालून शिजवायची. गरम बरणीत गरम भरायची, वर थोडी जागा सोडायची. काठ पुसायचा, झाकण ठेवायचं, वरून कडं फिरवायचं, आणि बरण्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बुडवायच्या. बाहेर काढून जाड टॉवेलवर मांडल्या की थंड होता होता झाकण आत ओढलं जातं आणि टक्‌ असा आवाज येतो. तो आला की बरणी हिवाळाभर टिकते. नाही आला, तर झाकण बोटाखाली वरखाली होतं, आणि ते रेलिश चार दिवसांत खाऊन टाका नाहीतर फेकून द्या.

बरणी फसते ती काठामुळे. काठावर मोहरीचा दाणा राहिला, साखरेचा ओघळ राहिला, एखादा केस राहिला, की संपलं. आणि काठ पुसायचं काम आमच्या घरात माझं.

आमच्या घरात आणखी एक शिस्त आहे. बरण्या टॉवेलवर आल्या की शेवटची टक्‌ होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. ही माझ्या नवऱ्याने पाडली, कारण मला गप्प बसवायचा दुसरा उपाय त्याला सापडला नव्हता. तो गेल्यावर थोरल्याने, माझ्या मुलाने, ती चालू ठेवली. प्रत्येक टक्‌ला थोरला एक बोट वर करायचा, शाळेत उत्तर येतं तेव्हा करतात तसं. चांगला मिशावाला बाप्या, पण बरण्यांसमोर शाळकरी होऊन उभा राहायचा. झाकणांवरची कडी फिरवणंही त्याचंच काम, कारण माझ्या मनगटात आता तो जोर नाही.

गेल्या हिवाळ्यात थोरला गेला. छापखान्यात मशीनपाशी उभा होता, खाली बसला, तो उठलाच नाही. घरात मी उरले आणि माझी सून उरली.

सून कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, उसवलेलं शिवायचं. बोलणं तिच्या जिवावर येतं. दोन शब्दांत भागत असेल तर ती एकच वापरते, आणि मी एका शब्दाच्या जागी दहा. इतकी वर्षं आमच्या मधे थोरला होता म्हणून ते जमून गेलं. तो गेल्यावर जेवायच्या टेबलाशी नुसता चमच्यांचा आवाज.

त्या दिवसांत मी एक वाक्य बोलून गेले. धाकटीशी, म्हणजे माझ्या लेकीशी, फोनवर बोलत होते. म्हटलं, "ज्याच्यामुळे या घरात होते तो नाही. आता मी इथे कोण?" सून दारात इस्त्री करत होती. इस्त्री थांबली नाही. धाकटी लगेच म्हणाली, माझ्याकडे ये, खोली रिकामी करते. मी म्हटलं, बाग संपली की येते. सुनेची हिवाळ्याची बेगमी करून देते, थोरल्याने बरण्यांसाठी केलेली फळी भरते आणि निघते.

सुनेला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली आणि सुयांच्या डबीचं झाकण लावलं. मी उगाच पाणी प्यायले. मला वाटलं होतं ती म्हणेल, कशाला जाता, आई. वाटलं कसलं, मी जीव मुठीत धरून वाट बघत होते. ती म्हणाली नाही. आता मी काय तिच्या पाया पडू? मीही कमरेला फडकं बांधलं आणि कामाला लागले.

झाकणं आणि कडी आता सुनेकडे होती. पहिली खेप उकळून टॉवेलवर आली. आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहिलो. वाट पाहिली. बाहेर कुणाची तरी सायकल गेली, नळ ठिबकला, बरण्या गार झाल्या, आणि टक्‌ नाही. एकही नाही. मी एकेका झाकणावर बोट दाबलं. सगळी वरखाली होत होती.

एक बरणी उघडली तर काठावर पांढरा केस.

काय वाटलं ते सांगायला मला लाज वाटते, तरी सांगते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. अन्नात माझा केस! दुसऱ्या कुणाच्या भांड्यात केस दिसला असता तर मी गल्लीभर करून सोडलं असतं. सून म्हणाली, "तुम्ही बसा. मी रिकाम्या करते." मी बसले. ती पाठमोरी उभी राहून बरण्या वाडग्यांत ओतत राहिली. मला वाटलं, कीव करते आहे.

दुसऱ्या खेपेला मी डोक्याला रुमाल बांधला, कपाळावर वळ उठेल इतका घट्ट. काठ दोनदा पुसले. फसल्या. तिसऱ्या खेपेला झाकणं नवी आणली, दुकानदाराला चार शब्द सुनावून आणली. फसल्या. दर वेळी सून म्हणायची, तुम्ही बसा, आणि दर वेळी मी बसायचे. फ्रीजमध्ये मुंगी शिरायला जागा उरली नाही. आम्ही रेलिश पावाला लावून खाल्लं, अंड्याबरोबर खाल्लं, उकडलेल्या बटाट्यावर घालून खाल्लं. शेवटी शेवटी मला रेलिशच्या नावानेच ढेकर यायला लागला. आणि फळी रिकामीच.

रिकामी फळी मला बघवायची नाही. कारण मला माझी आई आठवायची. तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ पडलं. मग रिकामं पातेलं गॅसवर राहिलं. आणि शेवटी ती मला म्हणायची, बाई, तुम्ही कुणाकडे आलात? मी तिला भरवायचे आणि ती माझे आभार मानायची, परक्या माणसाचे मानतात तसे. मला मरणाची भीती नाही. पण त्याची आहे. मी अंथरुणात पडल्या पडल्या हाताची बोटं मोजायचे. गल्लीतल्या दुकानांची नावं ओळीने म्हणायचे. नावं यायची सगळी, तरी सकाळ झाली की परत पहिल्यापासून म्हणून बघायचे.

एका कमजोर क्षणी धाकटीला फोनवर सांगून बसले. धाकटी आमच्या घराण्यातली पोलीस, नोकरीने नव्हे, स्वभावाने. तिने सगळे प्रश्न विचारले, किती बरण्या, किती वेळा, रुमाल बांधला होता का. मग म्हणाली, "आई, हे झाकणाचं दुखणं नाही. आजीसारखं होतंय तुझं. मी रविवारी येते, तुला घेऊन जाते, सोमवारी डॉक्टरला दाखवू."

"बाग अजून संपली नाही," मी म्हटलं.

"बाग गेली खड्ड्यात."

सून टेबलाशी बसून कुणाच्या तरी कोटाची बटणं लावत होती. तिने सगळं ऐकलं. सुई तिच्या बोटात गेली असावी, कारण तिने बोट तोंडात घातलं. 

शनिवारी मी वेलांवर शेवटची धाड घातली. वाकड्या काकड्या, पिवळ्या पडलेल्या काकड्या, करंगळीएवढ्या कोवळ्या, जी दिसली ती खुडली. एक तरी खेप बसायला हवी होती. सुनेला रेलिश मिळावं म्हणून नाही आता. मला माझंच कळायला हवं होतं, मी अजून जागेवर आहे की निघाले आईच्या वाटेने. फडकं पिळताना माझ्या दंडात गोळे आले. काठ पुसले, परत पुसले, उजेडात धरून परत पुसले. सुनेने झाकणं ठेवली, कडी फिरवली. बरण्या उकळल्या, टॉवेलवर आल्या.

काही नाही. गार काच आणि माझा श्वास.

मी ओट्यावर डोकं टेकलं आणि रडले. मोठ्याने. थोरला गेला तेव्हा आल्यागेल्यांच्या गर्दीत माझ्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, ते सगळं त्या शनिवारी दुपारी ओट्यावर सांडलं. सून माझ्या मागे उभी होती. तिचा हात माझ्या पाठीजवळ आला असावा, मला ऊब जाणवली, पण तो टेकला नाही. मग ती परसात निघून गेली, मागे दार वाजलं.

रविवारी सकाळी सून वेल उपटायला परसात गेली. माझ्या दोन पिशव्या दारात भरून ठेवल्या होत्या. धाकटी दुपारपर्यंत येणार. हात रिकामे होते म्हणून मी कालच्या बरण्या उघडायला घेतल्या. वाफ नव्हती, घाई नव्हती, चष्मा स्वच्छ होता, खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं.

पहिल्या काठावर पांढरा केस.

मी डोक्याला हात लावला. रुमाल कालही होता, अगदी कानांवरून. दुसरी बरणी उघडली. तिच्यावरही एक, काठावर बरोबर आडवा. तिसरीवरही. माझे केस इतके शिस्तीचे कधी नव्हते. मी एक उचलला आणि चाळा म्हणून बोटांत फिरवला. त्याचा पीळ सुटला आणि दोन पदर वेगळे झाले.

केसाला पदर नसतात.

तो दोरा होता. पांढरा, बारीक, शिवणाचा. माझ्या सुनेच्या डबीतला.

मी तशीच परसात गेले. अनवाणी. ती उकिडवी बसून मुळं ओढत होती. मी तो दोरा तिच्या नाकासमोर धरला. तिने पाहिलं आणि हातातला वेल खाली ठेवला.

"माझा केस आहे ना हा?" मी म्हटलं. "बोल. माझाच केस ना?"

तिने वेलाच्या मुळांवरची माती झाडायला घेतली.

"आज तोंड उघडायचं. आज तुझं मुकं राहणं मी चालवून घेणार नाही. मला वेडी ठरवायला निघालीस? मी रात्ररात्र दुकानांची नावं म्हणत पडले. लेकीसमोर माझी शोभा झाली. उद्या डॉक्टरसमोर नेऊन बसवणार आहेत मला! मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही," ती म्हणाली.

"मग?"

"शेवटची बरणी बसली की तुम्ही जाणार होतात."

मला आधी अर्थच लागेना. ती बोलत राहिली. मान खाली, बोटांना माती. इतकं सलग मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"तुम्ही म्हणालात फळी भरली की जाते. म्हणून फळी भरू दिली नाही. मला वाटलं लांबेल थोडं. थंडी पडेल, रस्ते खराब होतील, मग तुम्ही म्हणाल आता वसंतात बघू. मला वाटलं तुम्ही झाकणांना शिव्या द्याल. दुकानदाराला द्याल. तुम्ही सगळ्यांना देता. स्वतःवर घ्याल असं मला नव्हतं वाटलं, आई. देवाशप्पथ नव्हतं वाटलं. मग थांबवता येईना. काल तुम्ही रडलात तेव्हा सांगणार होते. तोंडच उघडेना."

"अगं, मग राहा म्हणायचं होतंस! एवढासा शब्द! झाकणाखाली दोरे कसले घालत बसलीस?"

"आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर?" तिने वर पाहिलं. "तुम्हीच म्हणालात ना, मी इथे कोण. मी दारात होते. तुम्ही इथल्या कुणी नाही, तर मग मी कोण आहे इथली?"

 उत्तर नसलं की मला राग येतो, तसा आला. एकीकडे वाटत होतं हिला छातीशी धरावी आणि दुसरीकडे वाटत होतं याच वेलाने बडवावी. डोकं ठिकाणावर आहे हे कळल्याचा आनंद व्हायला हवा होता, तोही धड होईना.

"ऊठ," मी म्हटलं. "हात धू. बरण्या परत भरायच्या."

रेलिश परत तापवलं. दुसऱ्यांदा तापवलं की ते मऊ पडतं, मला आवडत नाही, पण त्या दिवशी आवडीनिवडी कुणाला सुचत होत्या. बरण्या भरल्या. मी काठ पुसले आणि सुनेकडे सरकवल्या. ती झाकणं घेऊन उभी राहिली आणि मी तिच्याकडे पाठ केली. मुद्दाम केली. खिडकीतून उपटलेले वेल बघत राहिले आणि मनात म्हणत होते, घाल गं बाई, घाल. एक दोरा घाल. झाकणं बसली नाहीत तर मी लेकीला सांगेन की काम अर्धं आहे, असं टाकून कशी येऊ. हे मागायला माझी जीभ उचलत नव्हती, आणि पाठ मात्र पटकन वळली होती. मघाशी हिला चांगली झापली होती एका शब्दावरून.

बरण्या टॉवेलवर आल्या आणि त्याच वेळी धाकटी आत आली. गाडीची किल्ली हातात, चपला पायात.

"आई, झालं का? उजेड आहे तोवर..."

मी ओठांवर बोट ठेवलं. धाकटी याच शिस्तीत वाढलेली. तिने बरण्यांकडे पाहिलं आणि गप्प झाली. किल्लीसुद्धा मुठीत दाबून धरली.

तिघी उभ्या राहिलो.

टक्‌.

 मी सुनेकडे पाहिलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि तिने एक बोट वर केलं होतं. थोरल्यासारखं.

टक्‌. पुन्हा टक्‌. एकामागून एक झाकणं बसत होती, स्वच्छ, ठणठणीत, माझ्या उमेदीच्या काळात बसायची तशी. तिने दोरा घातला नव्हता. जे चुकलं ते तिने दुरुस्त करून दिलं होतं, उसवलेलं शिवून देते तसं, आणि तिला कळत नव्हतं की ती मला दाराबाहेर काढते आहे. की कळत होतं? प्रत्येक आवाजाला मला वाटत होतं, नको. पुढची तरी नको. आयुष्यभर ज्या आवाजासाठी कान टवकारले, तो त्या दिवशी मला कानांवर हात ठेवून अडवावासा वाटला.

शेवटची बरणी बराच वेळ गप्प होती. मी तिच्याकडे आशेने बघत होते. मग तीही बसली.

आता बोलायला मोकळीक होती आणि कुणी बोलेना.

"सगळ्या बसल्या," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात नवल होतं. "म्हणजे तू बरी आहेस."

"बरी आहे."

"मग चल. पिशव्या कुठल्या, त्या दारातल्या?"

आता कारण उरलं नव्हतं. फळी भरणार होती, बाग संपली होती, डोकं ठिकाणावर होतं, गाडी दारात होती.  लेकीसमोर, पंचावन्न प्रकारे बोलू शकणारी मी, वाक्य शोधत उभी राहिले. सापडलं ते एवढंच. सुनेकडे बघून म्हटलं,

"राहू का?"

भीक मागितल्यासारखं वाटलं. वाटू दे. सुनेचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"राहा," ती म्हणाली. "राहा ना, आई."

धाकटीने किल्ली ओट्यावर आपटली. "म्हणजे? मी खोली रंगवलीय. तुला खिडकीपाशी झोपायला आवडतं म्हणून पलंग हलवलाय. रजा टाकलीय. मग मी एवढ्या लांबून आले कशाला?"

तिचं बरोबर होतं. ती पोलीस आहे पण माझी लेक आहे, आणि तिनेही इतके दिवस माझी वाट पाहिली होती. एकीला हो म्हटलं की दुसरीला नाही म्हणणं आलंच, आणि ते मला चुकवता येईना.

"बरण्या न्यायला," मी म्हटलं.

 तिने डोळे पुसायला तोंड फिरवलं आणि तोंड फिरवूनच म्हणाली, "मला ते रेलिश आवडत नाही. कधीच आवडलं नाही. दादाला आवडायचं."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

तरी तिने त्या नेल्या. सगळ्या नेल्या. मी एकेक बरणी टॉवेलात गुंडाळून दिली, सुनेने खोक्यात रचल्या. झाकणांवर भार देऊ नको, आडव्या करू नको, हे मी तीनदा सांगितलं आणि धाकटी तिन्ही वेळा "हो गं" म्हणाली. खोकं तिने पुढच्या सीटवर ठेवलं, जिथे मी बसणार होते तिथे. ओढून पट्टा लावला. सीटवर माझ्यासाठी एक उशी आणून ठेवलेली होती, ती तिने आधीच उचलून मागे टाकली होती. मला बघवलं नाही. मी गाडीच्या खिडकीतून हात घालून तिच्या केसांवरून फिरवला, आणि तिने तो झटकला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी रस्त्यावर उभी होते. सकाळपासून अनवाणीच होते, परसातली माती पायाला तशीच.

मागे वळले तर सून दारातल्या दोन्ही पिशव्या उचलून आत नेत होती. माझ्या पायांकडे पाहून ती उंबऱ्यात थांबली. कपाळाला आठी घातली.

"आई, फरशी आत्ताच पुसलीय," ती म्हणाली. "पाय धुऊन या."

लग्न होऊन आल्यापासून ती पहिल्यांदा मला रागावली होती. मी परसाकडून वळून गेले, नळ सोडला आणि पाय धुतले.